समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले

निंबर्ग्यासारख्या गावातल्या बालरोगतज्ज्ञाने समुद्राविषयी लिहावे, हे स्मरणिकेच्या काही वाचकांना नवल वाटेल. आमचे गाव आळंद तालुक्यातले. सभोवार तुरीची आणि ज्वारीची काळी रानं. अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरांहून दूर. आमच्या लहानपणी समुद्र पाहिलेला माणूस गावात विरळा असे, आणि ज्याने पाहिला असेल त्याला चार दिवस पारावर बसवून त्याचे वर्णन ऐकले जाई. आता तसे राहिलेले नाही. दिवाळीच्या, नाताळच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत सोलापूर-कोल्हापूरमार्गे भाड्याच्या गाड्या भरभरून गोव्याकडे, गणपतीपुळ्याकडे, मालवणकडे धावतात. गाडीत आजीपासून सहा महिन्यांच्या तान्ह्यापर्यंत सर्व मंडळी असतात. परत आल्यावर त्यांतली काही मुले आमच्या दवाखान्यात येतात आणि अंगावर अशा खुणा दाखवतात, ज्यांचे वर्णन आमच्या काळ्या मातीतल्या अनुभवात बसत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय आहे समुद्र किनाऱ्यावर जे आणून टाकतो त्याचा. आणि त्याची सुरुवात आपल्या किनाऱ्यापासून फार दूर, अटलांटिक महासागराच्या पलीकडे करावी लागेल.

सारगॅसम नावाचे एक तपकिरी सागरी शैवाल आहे. त्याच्या फांद्यांना द्राक्षांसारखे लहान लहान, हवेने भरलेले फुगे असतात आणि त्यांच्या आधारे ते पाण्यावर तरंगते. उत्तर अटलांटिकमधला ‘सारगासो समुद्र’ या वनस्पतीवरूनच ओळखला जातो. ज्याला एकही किनारा नाही असा हा जगातला आगळा समुद्र. त्याच्या सीमा जमिनीने नव्हे, तर चारी बाजूंनी वाहणाऱ्या प्रवाहांनी आखलेल्या. १४९२ साली कोलंबसाच्या जहाजांनी ही तरंगती कुरणे ओलांडली होती. या शैवालाच्या ज्या दोन जाती उघड्या समुद्रात राहतात, त्या आयुष्यात कधीच खडकाला चिकटत नाहीत. तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा वाढतो, पुन्हा तुटतो. मुळे नाहीत, बी नाही, तरी वंश चालू. त्या पसाऱ्यात कासवांची पिले, माशांची अंडी, खेकडे, कोळंबी यांचा संसार असतो. समुद्रात असेपर्यंत हे शैवाल म्हणजे जीवनदायी पाळणाघरच म्हणावे.

अडचण सुरू झाली ती २०११ साली. त्या वर्षी कॅरिबियन बेटांच्या पूर्व किनाऱ्यांवर आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर या शैवालाचे अक्षरशः डोंगर येऊन पडले. पूर्वी असे पाहिल्याचे कुणालाही आठवत नव्हते. उपग्रहांच्या चित्रांवरून ध्यानात आले, की हे सारगासो समुद्रातून थेट आलेले नसून विषुववृत्ताजवळच्या अटलांटिकमध्ये आता एक नवाच पट्टा तयार झाला आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात हा पट्टा आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत ८,८५० किलोमीटर लांब पसरला होता आणि त्याचे वजन २ कोटी टनांवर गेले होते. मे २०२५ मध्ये हा आकडा सुमारे पावणेचार कोटी टनांवर पोहोचला. तोवरचा तो उच्चांक होता.

असे का घडले? २००९-१० च्या हिवाळ्यात अटलांटिकवरच्या वाऱ्यांची दिशा विलक्षण बदलली आणि मूळ शैवाल दक्षिणेकडे लोटले गेले, हे एक कारण शास्त्रज्ञ देतात. तेथे त्याला ऊब मिळाली आणि खाद्यही. ॲमेझॉनसारख्या नद्यांतून येणारी खते आणि सांडपाणी, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ खोलातून वर येणारे पाणी, सहाराची धूळ, समुद्राच्या थरांचे घुसळणे, यांपैकी कोणाचा वाटा किती याबद्दल अद्याप एकमत नाही. परंतु १९८० च्या दशकातील नमुन्यांशी तुलना करता अलीकडच्या शैवालातील नत्राचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलेले आढळले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. युरिया पडलेले पीक आपण ओळखतो.

आता सुट्टीवर आलेल्या माणसाकडे वळू. कॅरिबियन बेटे आणि मेक्सिकोचा पूर्व किनारा यांची गुजराण पर्यटनावर आहे. पांढरी वाळू, निळे पाणी आणि माडाची झाडे यांचे चित्र पाहून हजारो मैलांवरून माणसे येतात आणि खिडकी उघडताच त्यांना गुडघाभर तपकिरी गाळ दिसतो. बार्बाडोसने २०१८ च्या जूनमध्ये राष्ट्रीय आणीबाणी घोषित केली. मेक्सिकोने २०१९ मध्ये हे काम चक्क नौदलाकडे सोपवले. २०२२ साली अमेरिकेच्या ताब्यातील सेंट क्रॉय बेटावर समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रणेची तोंडे शैवालाने भरली आणि तेथेही आणीबाणी जाहीर करावी लागली. पर्यटक परत गेला की त्याची सुट्टी फुकट गेली एवढेच होते. हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईची मात्र नोकरी जाते. पर्यटनाच्या बातम्यांत ही दुसरी बाजू क्वचितच छापली जाते.

वैद्यक म्हणून आपल्याला विशेष रस आहे तो यापुढच्या भागात. किनाऱ्यावर पडलेले शैवाल साधारण ४८ तासांत कुजू लागते. ढिगाच्या आत प्राणवायू पोहोचत नाही, तेथे जिवाणूंचे राज्य सुरू होते आणि हायड्रोजन सल्फाइड व अमोनिया बाहेर पडतात. कुजलेल्या अंड्याचा तो वास आपल्यापैकी प्रत्येकाने महाविद्यालयाच्या रसायनशाळेत घेतला आहे. हा वायू सायनाइडप्रमाणेच पेशींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराला अडवतो, म्हणजे पेशीला प्राणवायू मिळूनही तो वापरता येत नाही. आणखी एक कपटी गुण असा, की हवेच्या दहा लाख भागांत याचे शंभर-दीडशे भाग झाले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येणे थांबते. माणसाला वाटते, वायू गेला. गटाराच्या भुयारात उतरलेले सफाई कामगार एकामागून एक दगावतात, त्या बातम्यांमागे बहुतेकदा हाच वायू असतो.

उघड्या किनाऱ्यावर तितके प्रमाण सहसा होत नाही, हे लगेच सांगितले पाहिजे. वारा ते पांगवतो. तेथे दहा लाखांत एक, दोन, पाच असे भाग आढळतात. तेवढ्यानेही डोळे चुरचुरणे, डोके दुखणे, मळमळ, चक्कर, खोकला आणि दम्याच्या रुग्णाला दम लागणे हे त्रास होतात. मार्टिनिक आणि ग्वाडलूप या दोन फ्रेंच बेटांवर जानेवारी ते ऑगस्ट २०१८ या आठ महिन्यांत तेथील डॉक्टरांनी अशा तीव्र त्रासाच्या ११,००० हून अधिक नोंदी केल्या. पर्यटक दोन दिवसांत हॉटेल बदलतो; किनाऱ्यालगत राहणारी कुटुंबे मात्र महिनोन्‌महिने तीच हवा श्वासात घेतात. अल्प प्रमाण, दीर्घ काळ, या प्रकाराचे परिणाम तेथील रुग्णालये आता अभ्यासत आहेत. फ्रान्सच्या आरोग्यतज्ज्ञांनी घालून दिलेली मर्यादा मोठी काटेकोर आहे. दहा लाखांत एका भागाच्या आतही लहान मुले, गर्भवती आणि दमेकरी यांनी तेथून दूर राहावे, आणि पाच भागांवर गेल्यास संरक्षक साधने असलेल्या कामगारांखेरीज कुणीही जाऊ नये.

लहान मुलांचा उल्लेख त्यात पहिला यावा, याला कारण आहे. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो. वडिलांचे नाक वाळूपासून साडेपाच फुटांवर असते आणि मांडी घालून किल्ला बांधणाऱ्या तीन वर्षांच्या पोराचे दीड फुटावर. शिवाय वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक हवा आत घेते. एकाच किनाऱ्यावर, एकाच वेळी, एकाच कुटुंबातील दोन माणसे दोन वेगळ्या हवा श्वासात घेत असतात. बालरोगशास्त्रातले अनेक धडे या एका चित्रात सामावलेले आहेत.

हे केवळ उष्ण प्रदेशातच घडते असे नाही. २००८ साली बीजिंग ऑलिम्पिकच्या नौकास्पर्धा ज्या चिंगदाओ शहरी होत्या, तेथील समुद्र स्पर्धेच्या तोंडावर हिरव्या शैवालाने झाकला गेला आणि ते काढण्यासाठी हजारो सैनिक कामाला लावावे लागले. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात २००९ मध्ये कुजक्या हिरव्या शैवालाच्या दलदलीत अडकलेला घोडा मेला आणि त्याचा स्वार बेशुद्ध झाला. २०११ मध्ये तेथेच रानडुकरे मेलेली आढळली. कारण शेतांतून आणि वराहपालनाच्या गोठ्यांतून येणारे नत्र.

मग आपल्या किनाऱ्याचे काय? आपल्याकडेही सारगॅसम आहे. मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी, गोव्यातील हणजूण येथील खडकांवर त्याच्या आपल्या जाती उगवतात. पाऊस सरल्यावर वाढू लागतात, हिवाळ्यात भरास येतात आणि मग तुटून थोडेफार किनाऱ्यावर लागतात. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. उंटवाले, डॉ. धारगळकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या शैवालांचा आयुष्यभर अभ्यास केला. परंतु आपले सारगॅसम खडकाला धरून राहणारे आहे. उघड्या समुद्रात पोसून कोट्यवधी टनांनी वाढणारे नाही. त्यामुळे गोव्याला निघालेल्या आमच्या मंडळींनी कॅरिबियनची छायाचित्रे पाहून आरक्षण रद्द करण्याचे कारण नाही.

आपल्या समुद्राचे उपद्रव वेगळे आहेत. त्यांतला एक म्हणजे तेलगोळे. मे ते सप्टेंबर या काळात गोव्याच्या वाळूवर काळे, चिकट, सुपारीएवढे ते लिंबाएवढे गोळे येऊन पडतात. (कपाटात ठेवतो त्या डांबरगोळ्यांशी यांचा संबंध नाही, त्या गोळ्या मुलांच्या हाती लागू नयेत, हा आणखी वेगळ्या लेखाचा विषय.) तेलवाहू जहाजांनी समुद्रात धुतलेल्या टाक्या आणि सांडलेले खनिज तेल यांपासून हे बनतात आणि नैऋत्येचा वारा ते किनाऱ्याकडे ढकलतो. त्वचेला लागल्यास खोबरेल तेल चोळून पुसावे आणि साबणाने धुवावे. रॉकेल किंवा पेट्रोल मात्र मुळीच वापरू नये. पायाचा डाग काढायला आणलेली रॉकेलची बाटली पोराने तोंडाला लावली आणि न्युमोनिया होऊन बसला, असे प्रकार आपल्या भागातील प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने पाहिले आहेत.

दुसरा उपद्रव जिवंत आहे, आणि आमच्यापर्यंत पोहोचतो तो हाच.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टअखेरीस एक आजी सात वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. मांडीवर वळशा-वळशाने गेलेली लाल, मण्यांच्या माळेसारखी रेघ. काही ठिकाणी फोड. वरून गेरू फासलेला. “डॉक्टर, नागीण निघालीया पोरीला. तोंडाला शेपूट लागायच्या आत काहीतरी करा,” आजी काकुळतीने म्हणाल्या. नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस जातो, ही समजूत आपल्याकडे दोन्ही भाषांच्या घरांत सारखीच रुजलेली आहे. नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यापुरती राहते आणि मणक्यापासून पुढे येते. ही रेघ तशी नव्हती, ती आडवी-तिरपी कशीही गेली होती. मुलीला विचारले, तर ती म्हणाली, “निळा फुगा होता, लई छान होता.” कुटुंब दहा दिवसांपूर्वी मुंबईस नातलगांकडे गेले होते आणि एक संध्याकाळ जुहूच्या वाळूवर काढली होती.

तो निळा फुगा म्हणजे ‘ब्लू बॉटल’. दिसायला जेलीफिश, पण खरे पाहता तो एक प्राणी नसून अनेक सूक्ष्म जीवांची वसाहत आहे. कुणी तरंगण्याचे काम करतो, कुणी पचनाचे, कुणी दंशाचे. वर निळसर पारदर्शक फुगा, त्याला शिडासारखी कड आणि खाली लांबलचक दोऱ्या. पोहण्याची शक्ती नसल्याने वारा नेईल तिकडे जायचे. म्हणून पावसाळ्यातल्या नैऋत्य वाऱ्याबरोबर हे मुंबई, कोकण, गोव्याच्या किनाऱ्यांवर येऊन पडतात. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर दीडशेच्या आसपास लोकांना दंश झाल्याचे वृत्तपत्रांत आले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यात जीवरक्षकांनी दोन दिवसांत जेलीफिशच्या दंशाच्या ९० हून अधिक रुग्णांवर प्रथमोपचार केले. २०१३ च्या गणेशविसर्जनाला गिरगाव चौपाटीवर गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या अनेक भाविकांना दंश झाले होते. मेलेल्या, वाळूत सुकत पडलेल्या दोरीतील दंशपेशीही कित्येक तास फुटू शकतात. मुलाच्या दृष्टीने मात्र तो एक फुगा असतो, आणि फुगा दिसला की मूल हात लावणारच.

उपचाराबाबत गैरसमज फार आहेत. जखमेवर वाळू चोळणे, गोड्या पाण्याने धुणे, बर्फ बांधणे, एवढेच नव्हे तर लघवी लावणे, हे सर्व सल्ले किनाऱ्यावर फुकट मिळतात. चोळल्याने आणि गोड्या पाण्याने न फुटलेल्या दंशपेशी फुटतात, वेदना वाढतात. मुलाला आधी पाण्याबाहेर काढावे. चिकटलेल्या दोऱ्या चिमट्याने किंवा हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून अलगद उचलाव्यात. समुद्राच्याच पाण्याने जागा धुवावी आणि नंतर तो भाग सुमारे ४५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवावा. ऑस्ट्रेलियात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वीस मिनिटांनंतर गरम पाण्याच्या गटातील ८७ टक्के रुग्णांची वेदना कमी झाली, बर्फाच्या गटातील अवघ्या ३३ टक्क्यांची. किनाऱ्यावर तापमापक कुठून आणणार? मोठ्या माणसाने आपला हात आधी त्या पाण्यात धरावा. सुखाने सोसवेल इतकेच गरम पाणी मुलाला चालेल. दंशाच्या वेदनेने रडणारे मूल पाणी पोळते आहे हे वेगळे सांगू शकत नाही. व्हिनेगरचा उपयोग काही विशिष्ट जातींच्या जेलीफिशवर होतो. ब्लू बॉटलवर तो करू नये, असा बहुतेकांचा कल आहे.

बहुतांश मुलांना यापलीकडे वेदनाशामकाखेरीज काही लागत नाही. मात्र श्वास लागणे, वारंवार उलट्या, पोटात व पाठीत गोळे येणे, चेहऱ्यावर किंवा डोळ्याला दंश, अंगाचा मोठा भाग व्यापलेला असणे, यांपैकी काहीही असल्यास तडक रुग्णालय गाठावे. आणि आपल्या दवाखान्यात, समुद्रापासून तीनशे किलोमीटर दूर, जे येते ते आठ-दहा दिवसांनी त्याच रेघेवर पुन्हा उठणारे खाजरे पुरळ असते. ही ॲलर्जीची उशिरा येणारी प्रतिक्रिया होय. त्या मुलीची रेघ सौम्य स्टेरॉइड मलमाने पंधरवड्यात विरली. गेरूने विरली असे आजी अजूनही मानतात; मी त्यांचा भ्रमनिरास केलेला नाही. दुसरा एक प्रकार पोहण्याच्या कपड्याखाली बरोबर त्याच आकारात उठणाऱ्या पुरळाचा. जेलीफिशसारख्या प्राण्यांची डोळ्यांना न दिसणारी पिले कपड्यात अडकून दंश करतात. तेथे अंघोळीपूर्वी कपडा आधी काढणे महत्त्वाचे. कपड्यासकट गोड्या पाण्याखाली उभे राहिले की त्रास दुणावतो. गोवर, कांजिण्या, खरूज असे निदान करण्यापूर्वी “सुट्टीत कुठे गेला होता?” हा प्रश्न आपल्या सर्वांच्या जिभेवर असावा, अशी विनंती आहे.

समुद्र रात्री निळसर चमकतो, हे पाहायला अलीकडे गर्दी होते. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूला अशी चमक दिसली तेव्हा लोकांनी तिच्या चित्रफिती एकमेकांना पाठवल्या. ही किमया नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाची आहे. २००० नंतर अरबी समुद्रात हिवाळ्यात याच्या हिरव्या जातीची प्रचंड वाढ होऊ लागली आहे. मूळच्या गोव्याच्या असलेल्या डॉ. जोआकिम गोएस आणि डॉ. हेल्गा गोम्स या शास्त्रज्ञ दांपत्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून या वाढीचा पाठपुरावा केला. प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात हा जीव इतरांपेक्षा चांगला तग धरतो. मासे त्याला फारसे खात नाहीत. जेलीफिश मात्र खातात. म्हणजे रात्री ज्याच्या सौंदर्याने आपण हरखतो, तेच सकाळी चावणाऱ्या प्राण्याचे अन्न आहे.

आणि हे खाद्य केवळ समुद्रकाठची शहरेच पुरवतात असेही नाही. पंढरपूरला चंद्रभागेत किंवा गाणगापूरला संगमावर स्नानाला जाणाऱ्या भाविकांपैकी ज्यांनी भीमेच्या खोऱ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पाहिला असेल, त्यांना हा प्रकार नवा नाही. जलपर्णी मूळची त्याच ॲमेझॉनच्या खोऱ्यातली, फुलासाठी आणलेली. तिचीही भूक तीच, नत्र आणि स्फुरद. पुण्याचे सांडपाणी उजनीत येते, उजनीचे पाणी हिरवे पडते. आमच्या तालुक्यातील अमरजा गाणगापुराजवळ भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. निंबर्ग्याच्या उसाला अथवा तुरीला दिलेल्या खताचा जो अंश पिकाला लागला नाही, तो पावसाच्या पाण्याबरोबर त्याच वाटेने निघतो. समुद्र आमच्यापासून दूर असेल. आम्ही समुद्रापासून तितके दूर नाही.

सुट्टीला निघालेल्या पालकांना मी अलीकडे दोन-तीन गोष्टी सांगतो. पावसाळ्यात समुद्रात उतरू नये, जीवरक्षकांचा लाल बावटा असेल तर मुळीच नाही. आणि उतरण्यापूर्वी ‘आज जेलीफिश आहेत का’ हे त्यांना विचारावे, त्यांना ते रोज ठाऊक असते. मुलांच्या पायांत चपला असाव्यात. निळे, चकाकणारे, फुग्यासारखे दिसणारे काहीही उचलायचे नाही, हे गाडीत बसण्यापूर्वीच सांगावे, कारण वाळू दिसल्यावर ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतात. दम्याच्या मुलाचा पंप सामानाच्या तळाशी नको, आईच्या पिशवीत हवा. कुजका वास येणाऱ्या ढिगाजवळ, मग तो शैवालाचा असो वा माशांचा, चटई अंथरू नये. सामानात एक चिमटा आणि गरम पाण्याचा थर्मास ठेवावा. थर्मास तसाही असतोच. सोलापूर सुटले की आमच्या मंडळींना चहा लागतो.

आणखी एक. परदेशी स्थायिक झालेली आपली मुले-सुना हल्ली आई-वडिलांना कॅरिबियन किंवा मेक्सिकोच्या सहलीलाही नेतात. त्यांनी आरक्षणापूर्वी शैवालाचा अंदाज जरूर पाहावा. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा उपग्रहांच्या आधारे दरमहा तो प्रसिद्ध करते. साधारणतः मार्च ते ऑगस्ट हा भराचा काळ, आणि बेटांच्या पश्चिमेकडील किनारे बहुधा स्वच्छ राहतात, कारण वारा पूर्वेकडून वाहतो. हॉटेलच्या माहितीपत्रकातील छायाचित्र कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वर्षी काढले आहे, हे त्यावर कधीच लिहिलेले नसते.